लहान मूल आणि उत्तर न देणारा सोबती

लहान मुलाला घांस भरवितांना त्याच्यापुढें मोबाइल धरावयाचा, ही चाल आतां केवळ शहरांतली राहिलेली नाहीं. खेड्यांतल्या ओसरीवर, एस्. टी.च्या बाकावर, लग्नघरच्या गर्दींत, दवाखान्याच्या दारांत, जेथें म्हणून दोन-तीन वर्षांचें मूल रडूं लागतें, तेथें कोणाच्या तरी खिशांतून तो चकाकणारा पडदा बाहेर निघतो आणि मूल गप्प होतें. मूल गप्प झालें म्हणजे मोठ्या माणसांना हायसें वाटतें. पडद्यावरचीं गाणीं ऐकून मुलाला इंग्रजी आंकडे पाठ झाले, रंगांचीं नांवें आलीं, याचें घरांत कौतुकही होतें. पुढें तेंच मूल बालवाडींत येतें, आणि तेथें बाईंच्या ध्यानांत कधीं कधीं एक चमत्कारिक गोष्ट येते. शंभरापर्यंत आंकडे घडाघडा म्हणणाऱ्या ह्या मुलाला, "तुझ्या डब्यांत आज काय आहे?" एवढ्या प्रश्नाचें उत्तर देतां येत नाहीं. त्याला शब्द पुष्कळ येतात; पण बोलतां येत नाहीं.

शब्द येणें आणि बोलतां येणें, ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. शब्द नुसते कानांवर पडूनही पाठ होऊं शकतात. बोलणें मात्र दुसऱ्याशीं बोलूनच येतें. त्यासाठीं समोरच्याचें ऐकावें लागतें, आपली पाळी येईपर्यंत थांबावें लागतें, आपलें म्हणणें त्याला कळलें कीं नाहीं हें त्याच्या चेहऱ्यावरून ओळखावें लागतें, आणि न कळल्यास तेंच निराळ्या रीतीनें सांगावें लागतें. डिजिटल माध्यमांसंबंधीं चालणारा वाद ह्या भेदापाशीं आणून ठेवला म्हणजे त्यांतला पुष्कळसा गोंधळ मिटतो. मोबाइल हें विष आहे असें म्हणणारे, आणि मोबाइल ही नव्या युगाची पाटी आहे असें म्हणणारे, दोघेही यंत्राकडेच पाहतात. खरोखर पाहावयास हवें तें मुलाकडे. आणि तेंही जन्मापासून सहाव्या वर्षापर्यंतच्या मुलाकडे. दहा-बारा वर्षांच्या विद्यार्थ्याला जें मानवतें, तें दोन वर्षांच्या बालकाला मानवेलच असें नाहीं.

पाळण्यांतलें मूल हुंकार देतें आणि आई त्याला उत्तर देते. मूल पुन्हा हुंकारतें, आई पुन्हा बोलते. वरवर पाहतां हा निव्वळ लडिवाळपणा दिसतो. परंतु मुलाचा पहिला धडा तो हाच. आपण कांहीं केलें म्हणजे समोरचें माणूस कांहीं करतें, ही जाणीव त्याला ह्या देवघेवींतून होते. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक व त्यांचे सहकारी यांनीं १९७८ सालीं ह्या विषयावरचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. आईनें बाळाशीं नेहमींप्रमाणें खेळावयाचें, आणि मग थोडा वेळ त्याच्याकडे पाहत, पण चेहरा अगदीं निर्विकार ठेवून, गप्प बसावयाचें. बाळें आधीं हंसून, मग हालचाल करून आईला बोलतें करण्याचा प्रयत्न करीत. आणि त्याचा उपयोग होत नाहीं असें पाहून शेवटीं खट्टू होऊन तोंड फिरवीत. आई समोरच होती. नाहींसें झालें होतें तें तिचें उत्तर.

हें उत्तर पडद्याला देतां येतें काय? ह्याच प्रश्नाचा शोध पॅट्रिशिया कूल व त्यांचे सहकारी यांनीं सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत घेतला आणि त्याचे निष्कर्ष २००३ सालीं प्रसिद्ध झाले. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतलीं ९ महिन्यांचीं मुलें त्यांनीं घेतलीं. कांहीं मुलांपुढें चिनी माणसें प्रत्यक्ष बसून, मँडरिन भाषेंत, खेळणीं दाखवीत व पुस्तकें वाचून दाखवीत. अशा १२ बैठकी झाल्या. दुसऱ्या कांहीं मुलांना तींच माणसें, तेंच बोलणें, तितकाच वेळ, पण पडद्यावर दाखविण्यांत आलें. पुढें परीक्षा घेतली तेव्हां प्रत्यक्ष माणसांपाशीं बसलेल्या मुलांना मँडरिनमधील उच्चारांचा बारीक भेद ओळखतां येऊं लागला होता. पडदा पाहिलेल्या मुलांना त्या बैठकींचा कांहींच लाभ झालेला आढळला नाहीं. मुलें पडद्याकडे पाहत नव्हतीं असें नव्हे. चांगलीं टक लावून पाहत होतीं. टक लावून पाहणें म्हणजेच शिकणें, ही मोठ्यांची समजूत मात्र त्यामुळें खोटी ठरली.

तर मग दोष पडद्याचा, म्हणजे कांचेचा आणि प्रकाशाचा, म्हणावयाचा काय? तसेंही नाहीं. सारा रोझबेरी, कॅथी हर्श-पासेक व रॉबर्टा गॉलिंकॉफ ह्या संशोधिकांचा २०१४ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग येथें उपयोगी पडतो. दोन ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना त्यांनीं नवीं क्रियापदें शिकविलीं. कांहींना समोर बसून शिकविलें; कांहींना व्हिडिओ कॉलवरून, म्हणजे पडद्यावरच, पण बोलणारी बाई मुलाला ऐकूं व पाहूं शकत होती; आणि कांहींना आधींच टिपून ठेवलेली चित्रफीत दाखविली. पहिल्या दोन्ही गटांतलीं मुलें नवे शब्द शिकलीं. तिसऱ्या गटांतलीं शिकलीं नाहींत. पडदा दुसऱ्या गटापुढेंही होता आणि तिसऱ्या गटापुढेंही होता. एका पडद्यामागें थांबणारें, ऐकणारें, उत्तर देणारें माणूस होतें. दुसऱ्यामागें कोणी नव्हतें. सारा फरक काय तो एवढाच.

चित्रफिती लहान मुलापुढें ज्या वेगानें धांवतात, तोही विचारांत घेतला पाहिजे. १९७२ सालच्या २ ऑक्टोबरला मुंबईंत दूरचित्रवाणी आली. त्या काळीं मुलांचा कार्यक्रम ठराविक वेळीं लागे आणि ठराविक वेळीं संपे. आजीची गोष्टही संपत असे. मोबाइलवर मात्र एक चित्रफीत संपतां संपतां दुसरी आपोआप सुरू व्हावी, अशी योजनाच केलेली असते. कारण पाहणारा जितका अधिक वेळ पाहील, तितक्या अधिक जाहिराती त्याच्यापुढून जातात. थांबावें कोठें हें मोठ्या माणसालाही जेथें कळत नाहीं, तेथें तीन वर्षांच्या मुलानें आपण होऊन थांबावें ही अपेक्षाच चुकीची होय. हट्टाचा दोष मुलाच्या स्वभावावर लादण्यापूर्वीं ही योजना ध्यानांत घ्यावी.

अमेरिकेंतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अँजेलिन लिलार्ड व जेनिफर पीटरसन यांनीं २०११ सालीं ४ वर्षांच्या ६० मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांचे तीन गट पाडले. एकानें भराभर दृश्यें बदलणारें व्यंगचित्रपट पाहावें, दुसऱ्यानें संथ चालीचा शैक्षणिक कार्यक्रम पाहावा, तिसऱ्यानें रंगीत खडूंनीं चित्रें काढावींत. प्रत्येकाला वेळ अवघीं ९ मिनिटें. लगेच नंतर मन एकाग्र करण्याच्या व स्वतःला आवरण्याच्या लहान परीक्षा घेतल्या, तेव्हां पहिला गट चित्रें काढणाऱ्या गटापेक्षां स्पष्टपणें मागें पडला. दुसरा गट मागें पडला नाहीं. ही परीक्षा लगोलग घेतलेली होती; त्यावरून मुलाचें कायमचें नुकसान झालें असा अर्थ कोणी काढूं नये. परंतु सकाळीं शाळेला निघण्यापूर्वीं अर्धा तास पडदा पाहून आलेलें मूल वर्गांत गोष्टीला कां बसत नाहीं, ह्याचें एक कारण बाईंना त्यांत सांपडूं शकेल.

आतां काळाचा हिशेब पाहूं जातां तोही उद्बोधक आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं पांच वर्षांखालील मुलांसाठीं मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांप्रमाणें ३ ते ४ वर्षांच्या मुलाला दिवसाकांठीं १० ते १३ तास झोप हवी आणि निरनिराळ्या प्रकारची ३ तास तरी अंगमेहनत, म्हणजे धांवणें, चढणें, खेळणें, हवें. पडद्यापुढें बसणें एक वर्षाच्या आंत मुळींच नको, दुसऱ्या वर्षींही नको, आणि २ ते ४ वर्षांच्या मुलाला फार तर १ तास. त्याहून कमी असल्यास अधिक बरें. भारतांतील बालरोगतज्ज्ञांच्या इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ह्या संस्थेनें २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या सूचनाही जवळजवळ ह्याच आहेत. दोन वर्षांखालील मुलाला नातेवाइकांशीं अधूनमधून व्हिडिओ कॉलवर बोलूं देण्याची मुभा मात्र त्यांत ठेवलेली आहे. वरच्या प्रयोगाकडे पाहतां ह्या सवलतीचें मर्म सहज कळतें.

तीन वर्षांचें मूल १२ तास झोपतें असें धरलें, तर जागेपणाचे १२ तास उरतात. न्हाणेंधुणें, खाणेंपिणें यांत ३ तास गेले आणि खेळण्याबागडण्यांत ३ तास गेले, म्हणजे हातीं ६ तास राहतात. ह्याच सहा तासांत त्यानें गोष्टी ऐकावयाच्या, प्रश्न विचारावयाचे, मातींत हात घालावयाचे, भावंडांशीं भांडावयाचें आणि पुन्हा गट्टी करावयाची असते. त्यांतले तीन तास पडद्यानें घेतले, म्हणजे निम्मी पुंजी गेली. पडद्यावर वाईट कांहीं दाखविलें गेलें नाहीं, सगळें शैक्षणिकच होतें, असें समजलें तरी ही वजाबाकी चुकत नाहीं.

ह्या वजाबाकींत सर्वांत आधीं हरपतें तें हाताचें काम. कॅरिन जेम्स व लॉरा एंगलहार्ट यांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग शाळेंतल्या प्रत्येक शिक्षकानें ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. अजून वाचतां न येणाऱ्या, पांच वर्षांच्या सुमाराच्या मुलांनीं कांहीं अक्षरें मोकळ्या हातानें लिहिलीं, कांहीं ठिपक्यांवरून गिरवलीं आणि कांहीं कळ दाबून उमटविलीं. नंतर तीं अक्षरें पाहतांना मुलांच्या मेंदूंत काय घडतें हें यंत्रानें तपासलें. वाचनाशीं संबंध असलेले मेंदूचे भाग मोकळ्या हातानें लिहिलेल्या अक्षरांच्या वेळीं जसे जागे झाले, तसे कळ दाबलेल्या अक्षरांच्या वेळीं झाले नाहींत; आणि गिरवलेल्या अक्षरांच्या वेळींही झाले नाहींत. म्हणजे पडद्यावर बोट फिरवून अक्षर रंगविणें तर अपुरें आहेच. पण नुसता कित्ता गिरवून घेणारी जुनी पद्धतही पुरी पडत नाहीं. मुलाचें वांकडेंतिकडें, प्रत्येक वेळीं निराळें निघणारें अक्षर हेंच त्याला अक्षराची खरी ओळख करून देतें. धुळींत काडीनें ओढलेली रेघ त्या दृष्टीनें फार मोलाची आहे.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाहीं. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर कामाला लागल्या. आणि १९५७ सालीं तें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. माँटेसरी पद्धतीचीं महागडीं साधनें वारली मुलांसाठीं कोठून आणावयाचीं, हा प्रश्न त्यांच्यापुढें होता. त्यांनीं खडे, शिंपले, बिया, पानें हींच साधनें केलीं. मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळेनें मुलांच्या अंगणांत जावें, हा अंगणवाडीचा विचारही तेथूनच पुढें आला. त्या साधनांत एक गुण होता, तो असा कीं मुलानें हात लावल्याविना त्यांतलें एकही साधन कांहीं करीत नसे. खडे मुलानें मोजले तरच मोजले जात. मोबाइल मात्र मुलानें कांहींही न करतां चालूच राहतो, आणि हाच त्या दोहोंमधला भेद आहे.

इतकें सांगून डिजिटल माध्यमांना शाळेच्या दाराबाहेर काढावें असें मात्र नव्हे. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालण्याचा जो उपक्रम केला, त्याची कीर्ति २०२० सालच्या जागतिक शिक्षक पुरस्कारामुळें सर्वत्र झाली. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत साथीमुळें शाळा बंद पडल्या, तेव्हां हजारो शिक्षकांनीं मोबाइलच्याच आधारें मुलांशीं संबंध टिकवून धरला. परंतु त्या आणीबाणींतही केंद्र सरकारच्या जुलै २०२० मधील 'प्रज्ञाता' सूचनांनीं बालवाडीच्या बाबतींत दिवसाला ३० मिनिटांची मर्यादा घातली होती, आणि तो वेळही पालकांशीं बोलून त्यांना मार्गदर्शन करण्यासाठीं ठेवला होता. मोठ्या मुलाला माध्यमाचा जो उपयोग, तो लहान मुलाला नाहीं, हें त्या वेळींही ओळखलें गेलें होतें. साताऱ्याची आजी आणि परदेशीं वाढणारा नातू रविवारीं व्हिडिओ कॉलवर बोलतात, त्यांत नातवाच्या कानांवर मराठी पडतें आणि त्याच्या बोबड्या मराठीला उत्तरही मिळतें. असा पडदा घरांत असणें हें भाग्यच म्हटलें पाहिजे.

आईबापांना दोष देणें सोपें असतें. एका खोलींत बिऱ्हाड, दोघेही कामावर, घरांत आजी-आजोबा नाहींत, खालीं खेळावयास अंगण नाहीं. अशा स्थितींत स्वयंपाक होईपर्यंत मुलाच्या हातीं मोबाइल देणारी आई निष्काळजी नसते, थकलेली असते. तिला उपदेशापेक्षां सोय हवी असते. त्या अर्ध्या तासांत मुलाला तिच्याजवळच बसवून मटाराच्या शेंगा सोलावयास दिल्या, भांडीं वाजवावयास दिलीं, कणकेचा गोळा दिला, तर पसारा होईल हें खरें. पण मूल शेंग उघडतांना बोलेल, आणि आईला हात न थांबवितां उत्तर देतां येईल.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे, आणि ती मोठ्यांच्या स्वतःच्या वागण्यासंबंधीं आहे. मूल कांहीं सांगावयास येतें आणि बाप मोबाइलवरची नजर न काढतां "हूं, हूं" करतो. ट्रॉनिक यांच्या प्रयोगांतला निर्विकार चेहरा तो याहून फार निराळा नव्हे. मुलाचा मोबाइल काढून घ्यावयाचा आणि आपला चालू ठेवावयाचा, यानें मुलाला शिस्त लागत नाहीं. मोठें झाल्यावर हें आपल्यालाही मिळेल, एवढेंच तें शिकतें. सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव ह्या गांवानें २०२२ सालीं जो निश्चय केला, त्याचें मोल ह्यासाठींच आहे. रोज सायंकाळीं ७ वाजतां देवळावरचा भोंगा वाजावयाचा आणि दीड तासपर्यंत घरोघरचे मोबाइल व दूरचित्रवाणी संच बंद ठेवावयाचे, असें गांवानें ठरविलें. ही बंदी केवळ मुलांना नव्हती. साऱ्या घराला होती. म्हणूनच तिची वार्ता देशभर पोंचली.

प्रत्येक गांवीं भोंगा वाजेल असें नाहीं. परंतु प्रत्येक घराला आपला एक लहानसा नेम करतां येण्यासारखा आहे. जेवतांना पडदा नसावा. मुलाला आपण काय खातों, पोट भरलें कीं नाहीं, हें कळलें पाहिजे, आणि काऊ-चिऊच्या नांवानें घांस भरवितांना जें बोलणें होतें तेंही त्याला मिळालें पाहिजे. झोपण्यापूर्वींचा एक तास पडद्याविना जावा. दोन वर्षांपुढील मुलाला कांहीं दाखवावयाचेंच असेल, तर आधीं निवडावें, संथ चालीचें निवडावें, आपोआप पुढें जाण्याची सोय बंद करावी, आणि मुलाजवळ बसून पाहावें. मध्येंच थांबवून, "आतां तो ससा काय करील?" असें विचारावें. एवढ्यानेंही न उत्तर देणाऱ्या पडद्याशेजारीं उत्तर देणारें माणूस येऊन बसतें. बंद करण्याची वेळ आधीं सांगावी आणि पाळावी. हिसकावून घेऊं नये. पहिले कांहीं दिवस मूल रडेल, हातपाय आपटील. तें रडें सोसण्याची तयारी मोठ्यांनीं आधीं करावी, कारण एकदां रडून मिळालें म्हणजे दुसऱ्या दिवशीं तें दुप्पट रडतें.

आणखी एक सूचना महत्त्वाची आहे. मुलाचें बोलणें वयाच्या मानानें फार मागें आहे असें दिसल्यास सारा दोष मोबाइलवर टाकून स्वस्थ बसूं नये. कान नीट नसणें, वाढीचे निराळे प्रश्न असणें, अशीं इतरही कारणें असतात. अशा वेळीं डॉक्टरांकडून कान तपासून घेणें आणि योग्य तो सल्ला घेणें हेंच हिताचें. त्यांत गेलेले महिने पुढें भरून काढणें कठीण जातें.

बालवाडींतल्या ज्या मुलाला डब्यांत काय आहे हें सांगतां येत नव्हतें, त्याच्यासारख्या मुलांसाठीं अनुभवी बाई कांहीं मोठी युक्ति करीत नाहींत. त्या रोज मुलाजवळ बसतात, डबा उघडतात, "अरे वा, पोळी! आणि हें काय बरें?" असें विचारतात, आणि थांबतात. पहिल्या दिवशीं उत्तर येत नाहीं. दुसऱ्या दिवशींही येत नाहीं. पण बाई थांबतात, घाई करीत नाहींत, आणि एखाद्या दिवशीं तें मूल हळूच म्हणतें, "भेंडी." हें थांबणें कोणत्याही चित्रफितीला येत नाहीं. तें आईला येतें, बापाला येतें, आजीला येतें, शेजारच्या ताईला येतें; त्याला पैसा लागत नाहीं, वीजही लागत नाहीं. दिवसांतून थोडा वेळ हातांतलें यंत्र बाजूला ठेवून मुलापुढें बसावें आणि त्याच्या उत्तराची वाट पाहावी, एवढेंच घरोघरीं झालें तरी पुरे.